पासष्टवर थांबलेला काटा

काटेकाकांना आईवडिलांनी ठेवलेलं एक चांगलं नाव होतं, पण ते आता फक्त बँकेला आणि डॉक्टरला माहीत होतं. बाकी सगळी गल्ली त्यांना काटेकाकाच म्हणायची, आणि त्यांच्या दुकानात एकदा पाऊल टाकलं की का ते विचारावं लागत नसे. व्हायोलिन दुरुस्तीचं ते दुकान म्हणजे एक लांबट खोली. चार भिंतींवर चार तबकड्या, पाचवी कपाटाच्या आत, आणि प्रत्येकीत एक बारीक काटा. हे काटे वेळ दाखवत नसत, हवेतला दमटपणा दाखवत. गिऱ्हाईक आलं की काका आधी काट्याकडे बघत, मग गिऱ्हाइकाकडे, आणि त्यातही काट्याकडे जरा जास्त प्रेमाने.

त्यांचं काही चुकत होतं असंही नाही. व्हायोलिनची फळी पातळ असते. हवा कोरडी पडली की ती आकसते आणि चिरते, दमट झाली की फुगते आणि सरस सुटतो. तिला मानवतं ते एकच, काही न बदलणं. काका चाळीस वर्षं तेच सांभाळत आले होते. काटा पन्नासवर ठेवायचा आणि तिथून हलू द्यायचा नाही. हलला की हे बेचैन, रात्रीचं जेवणसुद्धा नीट जात नसे.

अशा माणसाच्या घरी एक दिवस पाल राहायला आली.

भिंतीवरची नव्हे. ही दूरच्या कुठल्याशा बेटावरची, जातिवंत, वीतभर लांब, दालचिनीच्या रंगाची. डोळ्यांवर बारीक झालर, आणि पापण्या नसल्यामुळे डोळे पुसायला स्वतःचीच जीभ. काकांची एकुलती एक लेक तिला चार वर्षं पाळत होती. लेक समुद्राच्या तळाचे नकाशे करणाऱ्या जहाजावर ध्वनियंत्रं सांभाळायची. या खेपेला सहा आठवडे जायचं होतं आणि नेहमीची मैत्रीण गावाला गेली होती. म्हणून काचेची उभी पेटी, दोन खरी झाडं, एक लाकडाचा ओंडका आणि आत ती पाल असं सगळं माहेरी आलं. दुकानामागेच घर होतं, त्याच्या मागच्या खोलीत, खिडकीपासून दूर, टेबलावर पेटी ठेवली गेली. काकूंनी पदर नाकाला लावून दारातूनच दर्शन घेतलं.

"उभं आयुष्य मी यांना झाडूने हाकलण्यात घातलं," काकू म्हणाल्या, "आणि आता हिच्या जेवणाच्या वेळा सांभाळायच्या."

लेकीने ठेवलेलं तिचं नाव कुणाच्या जिभेवर बसेना. दिवसभर ओंडक्यावर पसरून संध्याकाळी सावकाश उठणाऱ्या त्या पाहुणीला काकूंनी दुसऱ्याच दिवशी ‘बाईसाहेब’ करून टाकलं आणि तेच रूढ झालं.

जाताना लेकीने एक वही दिली. पहिल्या पानावर तिच्या टपोऱ्या अक्षरात सूचना होत्या. फळांची पूड पाण्यात कालवून झाकणात ठेवा, एक दिवसाआड. मग खाली ओलाव्याचं कलम होतं. ‘संध्याकाळी सातला पानं निथळेपर्यंत फवारा मारा. आकडा ऐंशीच्या वर जाईल. जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी हळूहळू पन्नासवर येईल. येऊ द्या. मग सातला पुन्हा फवारा. रोज लिहून ठेवा.’ आणि त्याखाली, दोनदा अधोरेखित केलेलं शेवटचं वाक्य होतं. ‘बाबा, यात सुधारणा करू नका.’

हे वाक्य काकांना लागलं. कारण त्यामागे काय आहे ते त्यांना पक्कं ठाऊक होतं.

लेक एके काळी याच दुकानात काम शिकली होती. कान असा, की काकांनाही मनातून असूया वाटावी. व्हायोलिनच्या पोटात, वरच्या आणि खालच्या फळीच्या मध्ये, बोटभर उंचीची एक लाकडी काडी उभी असते. तिला सरस नाही, खिळा नाही. ती नुसत्या दाबावर उभी असते आणि वाद्याचा सगळा आवाज तिच्या जागेवर ठरतो. ती काडी बसवायला दोन-दोन वर्षं शिकावं लागतं. लेकीने एका संगीतशिक्षिकेच्या वाद्यात पहिल्यांदा एकटीने ती बसवली, आणि लेक जेवायला गेल्यावर काकांनी ती फटीतून वाकडा लोखंडी आकडा आत घालून हळूच सरकवली. केसभर. आवाज त्यांना हवा तसा झाला. शिक्षिका खूश झाली, तिने लेकीचं तोंडभरून कौतुक केलं. पण लेकीने काडीवर पेन्सिलीचा एक ठिपका काढून ठेवला होता, बाजूच्या फटीतून बरोबर दिसेल असा. आता तो दिसत नव्हता. तिने विचारलं तेव्हा काका म्हणाले, "फिरते कधी कधी आपोआप." महिनाभरात तिने ते दुकान सोडलं. त्याला नऊ वर्षं झाली होती. ती यायची, राहायची, हसायची, पण दुकानाच्या खोलीत पाऊल टाकायची नाही. आणि आज नऊ वर्षांनी तिने आपली एखादी वस्तू त्यांच्या हातात दिली होती, तीही जिवंत. ही नीट परत गेली तर कदाचित काही सुधारेल, असं काकांना मनापासून वाटत होतं. म्हणूनच सगळं चोख व्हायला हवं होतं, आणि घोळ झाला तो नेमका तिथेच.

पहिल्याच दिवशी त्यांनी पेटीतला लेकीचा आकडेवाला मीटर तपासला. त्याची एक पद्धत असते. झाकणात ओलं मीठ घ्यायचं, मीटरसकट डब्यात बंद करायचं आणि रात्रभर ठेवायचं. आतली हवा पंचाहत्तरवर येऊन थांबते. मीटर सकाळी एकोणऐंशी दाखवत होता.

"चारने खोटा," काका विजयी मुद्रेने म्हणाले. "आणि यावर हिने चार वर्षं काढली."

"पाल जिवंत आहे ना?" काकू म्हणाल्या.

"सुदैवाने."

मग त्यांनी आपली एक तबकडी पेटीत टांगली आणि दोन दिवस सूचनेबरहुकूम फवारा मारून पाहिला. काटा ऐंशीच्या पुढे गेला आणि दुसऱ्या दुपारी पन्नासवर घसरला. तबकडीवर रोज तीस घरांचा झोका! एखादं व्हायोलिन या पेटीत ठेवलं असतं तर आठवड्यात त्याच्या चिरफळ्या झाल्या असत्या. एका जिवाला रोज असं वरखाली करणं त्यांच्या हिशेबात शुद्ध छळ होता. लेकीला हौस आहे, पण हवेतलं तिला काय कळतं, असा विचार त्यांच्या मनात आला आणि तिथेच मुक्काम करून बसला.

तिसऱ्या दिवशी त्यांनी दुकानातला जादा ह्युमिडिफायर आणला. हाताला ओल लागणार नाही इतकं बारीक धुकं सोडणारं ते यंत्र होतं, हवा कोरडी झाली की आपोआप चालू होणारं. त्याची नळी वरच्या जाळीतून आत सोडली, अर्धी जाळी काचेने झाकली. ऐंशी आणि पन्नास यांच्या बरोबर मधला आकडा किती? पासष्ट. यंत्र पासष्टवर लावलं. काटा पासष्टवर गेला आणि तिथेच थांबला. फवाऱ्याची बाटली कपाटात गेली.

काकांनी वहीत लिहिलं, पासष्ट. दुसऱ्या दिवशी पासष्ट. तिसऱ्या दिवशी पासष्ट. पान इतकं देखणं दिसू लागलं की ते येणाऱ्या गिऱ्हाइकांनाही दाखवत.

लेकीचा फोन रविवारी यायचा, जहाजावरून, आवाज पोचायला दोन मोजेपर्यंत वेळ घेणारा.

"फवारा मारताय ना, बाबा?"

"ओलाव्याची सोय एकदम चोख आहे," काका म्हणाले. "तू काळजीच करू नकोस."

हे खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं, आणि फोन ठेवताना काकूंनी त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं.

तिसऱ्या आठवड्यापर्यंत काकूंची भीड चेपली होती. आधी दारातून, मग खुर्चीवरून, मग पेटीशेजारी बसून भाजी निवडताना त्या बाईसाहेबांची चौकशी करत. आणि काकूंच्या मनात, पाल समोर असताना म्हणावं की नाही कोण जाणे, पण शंकेची पाल चुकचुकली.

"अहो, हिचं काहीतरी बिनसलंय," त्या एका संध्याकाळी म्हणाल्या. "जेवण निम्मं टाकलंय. आणि कातडी बघा कशी सुरकुतलीय."

काका चष्मा लावून आले आणि तबकडीसमोर वाकले. "पासष्ट आहे."

"मी तिचं विचारतेय, काट्याचं नाही."

"कात टाकायच्या बेतात असेल. पुस्तकात आहे तसं."

"कात टाकून चार दिवस झाले. पायात अडकलीय अजून. आणि ती रोज संध्याकाळी तिकडे, त्या नळीच्या तोंडाशी जाऊन बसते. तिथे एक थेंब जमतो. तो चाटते आणि पुढचा जमेपर्यंत तिथेच बघत बसते. काल तासभर बसली होती. मी मोजलंय."

काका काहीतरी बोलणार होते, तेवढ्यात बाईसाहेब काचेवर चढू लागल्या. काचेवर सरळ उभं चालणारा तो प्राणी. दोन पावलं वर गेल्या, मागचा पाय निसटला, मग पुढचा, आणि त्या धप्पकन खाली मातीवर पडल्या. पडून तशाच राहिल्या, जीभ एकदा डोळ्यावरून फिरवली. काकांची नजर तबकडीकडे गेली. काटा पासष्टवरच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान बंद ठेवून ते प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. मांडीवर हवेसाठी भोकं पाडलेला डबा, डब्यात बाईसाहेब, शेजारी काकू. काकांच्या खिशात वही होती. डॉक्टरीणबाईंनी पालीच्या कुशीची कातडी चिमटीत धरून सोडली. घडी तशीच उभी राहिली. मग त्यांनी भिंगातून एकेक बोट पाहिलं.

"पाणी कुठून पिते ही?" त्यांनी विचारलं.

काकांनी वही पुढे केली. "पासष्ट टक्के. तीन आठवडे. एका घराचाही फरक नाही."

डॉक्टरीणबाईंनी पान पाहिलं, कौतुकानेच पाहिलं. मग वही मिटून परत दिली. "काका, ही हवा पीत नाही. थेंब पिते. पानावर थेंब चमकला की जीभ जाते, वाटीतलं पाणी पुष्कळदा हिला दिसतही नाही. तुमच्या पेटीत ओलावा आहे, पाणी नाही. आणि कात सुटायला एकदा चांगलं भिजावं लागतं, मग वाळावं लागतं. नुसतं मधेच ठेवून चालत नाही."

काकांनी वही खिशात ठेवली. लाकूड हवा पितं. चाळीस वर्षं त्यांनी हवा पिणाऱ्या वस्तू सांभाळल्या होत्या. तहान लागली की थेंबाची वाट बघत बसावं लागतं असं काही त्यांच्या कपाटात कधी नव्हतं. आणि हे सगळं त्या पहिल्या पानावर लिहिलेलं होतं, टपोऱ्या अक्षरात, दोन वाक्यांत. जाऊ द्या. येऊ द्या.

डॉक्टरीणबाईंनी कोमट पाण्यात भिजवलेलं कापड एका डब्यात अंथरलं, बाईसाहेबांना अर्धा तास त्यात ठेवलं आणि ओल्या कापसाच्या काडीने बोटाबोटावरची जुनी कात सोडवली. काका शेजारी उभे राहून बघत होते. इतकं नाजूक काम त्यांना रोजचं, पण आज त्यांनी ‘मी करू का?’ असं विचारलं नाही. मागच्या डाव्या पायाच्या शेवटच्या बोटाभोवती कात दोऱ्यासारखी आवळली होती. शेंडा काळा पडला होता.

"हे गेलं तर पुन्हा यायचं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "जीव मात्र वाचेल. आजपासून फवारा."

घरी आल्यावर काकांनी नळी काढली, काच काढली, यंत्र दुकानात नेऊन ठेवलं आणि कपाटातून फवाऱ्याची बाटली काढली. सात वाजता पानं निथळेपर्यंत पाणी मारलं. बाईसाहेब हळूहळू उठल्या, एका पानाशी गेल्या आणि चाटू लागल्या. एक पान, दुसरं पान, मग काच, मग पुन्हा पहिलं पान. किती वेळ प्यायल्या कोण जाणे. काकूंनी डोळे पुसले, पदराने, आणि काका खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. काटा ब्याऐंशीवर गेला होता.

रविवार तीन दिवसांवर होता.

"आत्ता नका सांगू," काकू म्हणाल्या. "ती तिकडे पाण्यात, करणार काय बिचारी? आल्यावर बघू. तोवर पाय बराही होईल."

काकांनाही ते पटलं. पटलं एवढंच नव्हे, फार बरं वाटलं. तीन आठवड्यांत बाईसाहेब टवटवीत होतील. बोटाचा शेंडा गेलाच तर कुठेतरी अडकून गेला म्हणता येईल. आपोआप होतं कधी कधी. हे शब्द मनात आले आणि काका हातातली पटाशी खाली ठेवून तसेच बसले. हेच शब्द त्यांनी एकदा वापरले होते. त्या दुपारचा लेकीचा चेहरा त्यांना आठवला, आणि नऊ वर्षांत पहिल्यांदाच त्यांना स्वतःची लाज वाटली.

रविवारी फोन आला.

"बाईसाहेब कशा आहेत?" लेकीने विचारलं. आईने ठेवलेलं नाव आता तिच्याही तोंडात बसलं होतं.

"मी सुधारणा केली," काका म्हणाले.

दोन मोजून झाले. पाच मोजून झाले. मग काकांनीच पुढे सगळं सांगितलं, यंत्र, नळी, पासष्ट, थेंब, पडणं, डॉक्टरीणबाई. काहीही गाळलं नाही.

"कुठलं बोट?"

"मागच्या डाव्या पायाचं, शेवटचं. बाकीची सुटली."

"खाते का?"

"कालपासून झाकण पुसून ठेवते."

मागे जहाजाच्या यंत्रांची घरघर ऐकू येत होती.

"मला कळलं नसतं, बाबा," ती म्हणाली.

"नसतंच कळलं." काका म्हणाले. "ती काडीसुद्धा मीच फिरवली होती."

"ते मला माहीत आहे. ठिपका फिरला होता."

"तुला माहीत होतं. पण मी म्हणालो नव्हतो."

मग अगदी नेहमीच्या आवाजात तिने विचारलं, "आता फवारा कोण मारतं?"

"मीच. सातला."

"आणि काटा?"

"जातो वर, येतो खाली. मी बघत नाही."

"खोटं."

"बघतो," काका म्हणाले. "पण हात लावत नाही."

तिकडे कसलीशी घंटा झाली आणि तिला जावं लागलं. ती रागावली की नाही, हे काकांना कळलं नाही. पुढचे तीन आठवडे त्यांनी वही लिहिली. ब्याऐंशी, सदुसष्ट, बावन्न. ऐंशी, सत्तर, एकोणपन्नास. आकड्यांचं पान आता मुळीच देखणं नव्हतं. बाईसाहेबांच्या अंगावर तेज आलं, त्या काचेवर छतापर्यंत जाऊ लागल्या, आणि एका सकाळी ओंडक्याच्या पायथ्याशी मोहरीएवढा एक काळा तुकडा पडलेला सापडला. काकांनी तो कागदात घडी करून वहीत ठेवला.

लेक आली ती दुपारी. बॅग दारात ठेवून आधी पेटीकडे गेली. बाईसाहेबांना तळहातावर घेतलं, पालथं करून पाय पाहिले. मागच्या डाव्या पायाची चार बोटं नीट होती, पाचव्याला शेंडा नव्हता. वही उघडली, पासष्टांचं पान पाहिलं, पुढची पानं पाहिली, कागदाची घडी उघडून पुन्हा मिटली. काका दारात उभे होते. नापास झालेल्या पोरासारखे.

"चढते व्यवस्थित," ती म्हणाली. "चालेल."

मग आईच्या हातचं जेवण झालं, जहाजावरच्या गमती झाल्या, आणि ऊन कलल्यावर काका दुकानात गेले. बाकावर एक व्हायोलिन होतं. प्रवासात आपटून त्याची काडी आत पडली होती. काकांनी ते उचललं, हलवून पाहिलं, आतली काडी खुळखुळली. त्यांनी मागच्या खोलीकडे मान वळवली.

"ऐकतेस का? ही काडी तू बसवतेस?"

लेक मधल्या दाराच्या उंबऱ्याशी आली. नऊ वर्षं ती तिथेच थांबत आली होती. "आणि मग?"

"मग काही नाही."

ती आत आली. काटे पाहून गालात हसली. स्टूल ओढलं, खणातून आकडा काढला. खण तिला विचारावा लागला नाही. काका उठून बाहेर पायरीवर जाऊन बसले, कारण शेजारी बसलं असतं तर हात शिवशिवले असते हे त्यांना माहीत होतं. पाऊण तासाने ती उठून आत गेली.

काका बाकाशी आले. वाद्य उचललं, गज फिरवला. आवाज मोकळा होता, जरा उजळ. त्यांनी बसवली असती तर तो किंचित गडद झाला असता. काडी केसभर, अगदी केसभर डावीकडे गेली की झालं. त्यांनी छोटी बॅटरी घेऊन बाजूच्या फटीतून आत पाहिलं. काडी ताठ उभी होती. तिच्यावर पेन्सिलीचा एक ठिपका होता, बरोबर त्यांच्याकडे तोंड करून.

आकडा बाकावरच होता, हाताशी. काकांनी पुन्हा एकदा गज फिरवला आणि या वेळी नीट ऐकलं. चूक काहीच नव्हती. तो त्यांचा आवाज नव्हता, एवढंच.

सात वाजले होते. मागच्या खोलीतून फवाऱ्याचा फुस्स, फुस्स असा आवाज येत होता.

"काय हो, झालं का ते?" स्वयंपाकघरातून काकूंनी विचारलं.

"झालंय," काका म्हणाले, जरा मोठ्याने, दोन खोल्या पलीकडे जाईल अशा बेताने. "छान बसलीय. मी हात लावलेला नाही."

फवाऱ्याचा आवाज थांबला. काकांनी वाद्य खुंटीला अडकवलं, बॅटरी बंद केली, आकडा खणात ठेवला. मग मागच्या खोलीत पुन्हा फुस्स, फुस्स सुरू झालं.